तीस दिवसांचा शेक

नाही नाही, ते 'निष्णात' आधी काढा. आणि 'कर्करोगाशी झुंजणारी रणरागिणी' — हे कुणी लिहिलं? तुम्ही? अहो, झुंजतो तो पेशंट, मी खुर्चीत बसून माऊस फिरवते. हसताय काय, खरंच सांगते. हॉस्पिटलच्या वेबसाइटला दीडशे शब्द हवेत ना? मग लिहा — बाई एकतीस वर्षं तळघरात काम करतात. किरण अडवायला भिंती दीड-दोन मीटर जाड लागतात ना, म्हणून आमचं खातं तळघरात — एका बाजूला धोबीखाना, दुसऱ्या बाजूला शवागार, शेजार बघा कसा निवडलाय! सर्जन वर, काचेच्या मजल्यावर. तो गाठ कापतो, ट्रेमध्ये घालून नातेवाइकांना दाखवतो, लोक हात जोडतात. मी काय दाखवू? आमचे किरण दिसत नाहीत, लागतानाही कळत नाहीत. लोक रेडिएशन म्हणतसुद्धा नाहीत, शेक म्हणतात. 'बाई, आज कितवा शेक?' — जशी काही मी कंबरेला गरम पाण्याची पिशवी लावतेय.

कौशल्य कशात? समासात. खरंच. स्कॅनचे दीडशे-दोनशे काप असतात, पावाचे असावेत तसे. एकेका कापावर गाठीभोवती रेघ मारायची आणि रेघेबाहेर समास सोडायचा — पाच मिलिमीटर, सात मिलिमीटर — कारण माणूस श्वास घेतो, गाठ खाली-वर होते. समास कमी पडला की गाठ उलटते, जास्त झाला की चांगलं फुप्फुस जळतं, अन्ननलिका सोलून निघते. पण हे सगळं नंतरचं. त्याच्याआधी फाइलच्या पहिल्या पानावर एक रकाना असतो — उद्देश. त्यात दोहोंपैकी एकच लिहायचं — 'बरं करणं' किंवा 'आराम देणं'. बरं होणार असेल तर आठवड्याला पाच असे तीस दिवस, त्रास झाला तरी रेटायचं. नसेल होणार तर पाच दिवस, दुखणं थांबवायचं आणि घरी पाठवायचं, आपल्या माणसांत. माझे विद्यार्थी विचारायचे, मॅडम, इथे चूक होत नाही? मी म्हणायचे, ज्याला स्कॅन वाचता येतो त्याची होत नाही. केवढा तोरा! लोकां सांगे ब्रह्मज्ञान — पुढचं ठाऊक आहे ना तुम्हाला?

काही नाही हो. पुढचा प्रश्न काय आहे — कुटुंब? ते कशाला? लोकांना आवडतं म्हणे... बरं, लिहा, एक थोरली बहीण होती. होती. आई गेली तेव्हा मी नऊची, ताई सोळाची. माझ्या वेण्या तिने घातल्या, माझी पुस्तकं तिने पाठ करून घेतली — डॉक्टर मी झाले खरी, पण हाडांची नावं तिलाही तोंडपाठ होती. आठ वर्षांपूर्वी तिला खोकला लागला. दोन महिने अंगावर काढला, आणि मग माझ्याचकडे आली — दुसरीकडे कुठे जाणार? स्कॅन मीच लावला. फुप्फुसात गाठ, यकृतात चार ठिपके, हाडांत सहा. मी मोजले. परत मोजले. दुसऱ्या कुणाचा असता ना, तर चहा थंड व्हायच्या आत फाइल पूर्ण केली असती — आराम देणं, पाच दिवस, पुढचा पेशंट. मी पेन उचललं आणि लिहिलं — बरं करणं.

पाहिलंत? मशीनने चूक केली असती तर अलार्म वाजला असता. माझ्या सहीखाली कोण बघणार? मीच तर खातेप्रमुख.

तिची लेक, म्हणजे माझी भाची, नऊ तासांवर राहते. तेव्हा पोटुशी होती, आठवा लागलेला. ताई म्हणाली, 'मी आधी पोरीचं बाळंतपण उरकून येते गं, मग काय ते कर.' मी म्हटलं, 'सहा आठवड्यांचा तर प्रश्न आहे, नंतर हवी तेवढी नात खेळव.' रोज यायची बिचारी, डबा घेऊन — माझ्यासाठी हो, स्वतःसाठी नाही. बाहेरच्या बाकावर तिची एका शिवणकाम करणाऱ्या बाईशी गट्टी जमली. तोच आजार, तितकाच पसरलेला. त्या बाईला मी पाच दिवस दिले होते. सहाव्या दिवशी ती बाकावर नव्हती, तर ताई आत येऊन म्हणते, 'तिला पाच नि मला तीस. मी तिच्याहून जास्त आजारी आहे की कमी?' — सरळ विचारलंन. तोंडावर. आणि मी काय म्हणाले असेन? 'तू बरी होणारेस ताई, म्हणून तीस.' तिने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मशीनखालच्या टेबलावर जाऊन पडली. शहाणी होती. लहानपणी मी खोटं बोलले की अशीच बघायची.

चौथ्या आठवड्यात तिची अन्ननलिका सोलली. पाणी गिळताना डोळ्यांतून धारा. थंड दुधावर दिवस काढायची. पाचव्या आठवड्यात नात झाली — ताईने फोनवर बघितली. नऊ तासांचा प्रवास कसला करणार, जिना चढवत नव्हता. तीस पूर्ण केले मी. एकही दिवस चुकवला नाही. तिसावा झाला आणि सतराव्या दिवशी गेली. ती शिवणकामवाली? ती चार महिने जगली, घरी. वेदना नव्हत्या म्हणे. तिचा मुलगा येऊन आभार मानून गेला — अहो, कुठे तोंड लपवू असं झालं मला.

भाची आली दोन महिन्यांनी, पोरीला खांद्यावर टाकून. फाइल मागितली. शाळेत शिकवते ती, डॉक्टर नाही, पण वाचता येतं ना. रिपोर्ट वाचला, मग पहिल्या पानावर येऊन तो रकाना वाचला. 'मावशी, हे तुझं अक्षर ना?' हो म्हटलं. 'आईला नाही सांगितलंस, ठीक आहे. मला सांगायचंस. मी आले असते तिच्याकडे, पोटासकट.' एवढंच बोलली. रडली नाही, भांडली नाही — भांडली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर फोन नाही. पोरगी आता शाळेत जात असेल, चेहरासुद्धा मला माहीत नाही.

काय म्हणालात? आज ताई पुन्हा त्या टेबलावर आली तर? पाच द्याल ना, म्हणून विचारताय — तुम्हाला माझ्या तोंडून ते ऐकायचंय, म्हणजे शेवट गोड होईल तुमचा...

तीसच देईन हो.

उठा आता. बाहेर पेशंट बसलेत.