कानातले डूल

न्यू ऑर्लीन्सच्या थिएटरात दुपारचा खेळ संपला. नाटकात नवऱ्याचा मार खाणारी ओडील तोंडाचा रंग पुसून ट्रामच्या रांगेत उभी राहिली. पुढे दोन म्हाताऱ्या बहिणी होत्या. त्यांनी तिला ओळखलं नाही.

“काय पोरगी आहे गं, ताई! अंगावर काटा आला माझ्या.”

“मला तर श्वास घेता येईना.”

“त्यानं हात उचलला तेव्हा ना?”

“छे, त्याच्या आधीच! तो पत्ते टाकून उठायच्या आत तिनं कानातले डूल काढून बशीत ठेवले ना, तेव्हा.”

“त्यात काय एवढं?”

“डूल राहिले तर कान फाटतो, अर्लीन. हे त्या पोरीला कुणी शिकवलं असेल?”

मागे ओडीलचा हात नकळत आपल्या कानाकडे गेला.

“काहीतरीच तुझं! तुझा कान तर जिन्यावरून पडून फाटला होता.”

“हो ना.”

“भाऊजींनीच उचलून दवाखान्यात नेलं तुला. देवमाणूस!”

“दर सोमवारी तू आमच्याकडे राजमा-भात खायला यायचीस ना?”

“यायचे की. एकही सोमवार चुकवला नाही.”

“मग सांग, आमच्या घराला जिना कुठे होता?”