साडेतीन बोटं

मार्ला – मला एवढंच सांग, या घरात अंघोळ कधी करता येईल?

वेन्डेल – शुक्रवारी.

मार्ला – परवा थँक्सगिव्हिंग आहे. तुझी बहीण पोराबाळांसकट येतेय. तिला काय सांगू? टर्की टेबलावर आहे आणि बाथरूममध्ये रायफलची नळी गंजायला ठेवलीय?

वेन्डेल – दमट हवा लागते तिला. एवढी वाफ घरात दुसरीकडे कुठं धरते?

मार्ला – लोक गंज काढतात, वेन्डेल. तू गरम पाण्याचा शॉवर सोडून मुद्दाम चढवतोयस.

वेन्डेल – काट्यानं काटा काढतात तसं. पातळसा गंज चढवायचा, उकळत्या पाण्यात घातला की तो काळा होतो. तारेच्या बारीक घासणीनं घासायचं, पुन्हा चढवायचा. असे थर बसले की खरा गंज जन्मात फिरकत नाही.

मार्ला – आणि उकळायला माझ्या शेगडीवर छपराची पन्हळ.

वेन्डेल – नवी पन्हळ आहे. धुऊन घेतलीय.

मार्ला – उपकार झाले. आणि टॉवेलची दांडी?

वेन्डेल – तिचे आकडे बरोबर मापाचे निघाले. दांडी काढली, नळीच्या दोन्ही टोकांना लाकडी खुंट्या मारल्या आणि तिथंच आडवी बसवली. कुठं टेकत नाही, कुठं घासत नाही.

मार्ला – टॉवेल मी डोक्यावर ठेवते.

वेन्डेल – आपल्या पोरीचा शिकारीचा पहिला हंगाम आहे, मार्ला. शनिवारी टेसाच्या हातात तिच्या आजोबांची रायफल जाणार. ती काय डागाळलेली देऊ? मी लहान असताना साफ केलेल्या नळीला नुसतं बोट लागलं, तरी डॅडची टपली बसायची. हाताचं तेल लागलं की तिथं रंग धरत नाही. म्हणून बघ, हातमोजे घातल्याशिवाय मी आत पाऊल टाकत नाही. थांब, बघून येतो.

(वेन्डेल बाथरूममध्ये जातो. आतून हाक मारतो.)

वेन्डेल – मार्ला, तू नळीला हात लावलास?

मार्ला – मी त्या बाथरूममध्येच गेले नाही. शेजारी जाऊन अंघोळ करते, अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.

वेन्डेल – अख्खा पंजा उमटलाय. सगळीकडे छान तपकिरी गंज, आणि मधोमध पांढरा पंजा. डॅड! जरा इकडे या.

क्लेटन – येतो, येतो. घर पेटलंय का?

वेन्डेल – या नळीला कुणी हात लावला?

क्लेटन – मला काय माहीत? तुमच्या घरात कोण काय करतं, मी विचारत नाही.

वेन्डेल – अंगठा आहे आणि साडेतीन बोटं आहेत.

क्लेटन – असतील.

वेन्डेल – साडेतीन बोटांचं या घरात कोण आहे?

क्लेटन – लाकडाच्या गिरणीत अर्धं बोट गेलं, तेव्हापासून काही झालं की माझंच नाव.

मार्ला – डॅड.

क्लेटन – तिथं टॉवेलची दांडी असते. आयुष्यभर तिथं टॉवेलची दांडी होती.

मार्ला – पण दांडी धरावी का लागली? पडलात?

क्लेटन – पडलो नाही. पडणार होतो. धरली म्हणून वाचलो.

मार्ला – हाक मारायची होतीत.

क्लेटन – पँट गुडघ्याखाली असताना सुनेला हाक मारू?

वेन्डेल – आता मी टपली कुणाला मारू?

क्लेटन – मार मला. डाग म्हणजे डाग. सगळं घासून काढ आणि पहिल्यापासून सुरू कर.

वेन्डेल – शनिवारपर्यंत व्हायचं नाही.

क्लेटन – मग या खेपेला पोरीला तुझी रायफल दे. माझी पुढच्या वर्षी देऊ.

वेन्डेल – पुढच्या वर्षी तुम्ही...

क्लेटन – बोल की. डॉक्टरही तिथंच अडखळतो.

मार्ला – टेसा काल विचारत होती. आजोबा चालले नाहीत तरी निदान झाडाखाली बसायला येतील का म्हणून. मी सांगितलं, गुडघे ऐकत नाहीत. रडली नाही. पण जेवलीही नाही.

क्लेटन – मला का नाही सांगितलं?

मार्ला – तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.

क्लेटन – वाटलंच. टेसाच्या बापाच्या पहिल्या शिकारीला मी मागं उभा होतो. नळीला खालून हात दिला होता. पहिल्यांदा पोरं थरथरतात.

वेन्डेल – मी थरथरलो नव्हतो.

क्लेटन – हरीण थांबून तुझे हात बघत होतं.

वेन्डेल – हात कुठं दिला होता?

क्लेटन – इथं. रायफलचं लाकूड संपतं ना, तिथून जरा पुढं.

वेन्डेल – पंजा त्याच्याही पुढं उमटलाय.

क्लेटन – मी पडत होतो. मोजून कुठून धरणार?

वेन्डेल – मार्ला, पन्हळीत पाणी तापत ठेव.

मार्ला – घासून काढणार नाहीस?

वेन्डेल – नाही.

क्लेटन – शिकारीच्या तळावर लोक हसतील. म्हणतील, क्लेटनच्या पोराला साधी नळी काळी करता येत नाही.

वेन्डेल – हसू देत. टेसाला कळेल कुणाचा हात आहे तो. साडेतीन बोटांचा दुसरा कुणी नाही तिच्या ओळखीत.

क्लेटन – तू असं शिकला नव्हतास माझ्याकडून.

वेन्डेल – नाही.

क्लेटन – अजून थर द्यायचाय ना?

वेन्डेल – शेवटचा.

क्लेटन – मग मला जरा धरून उभा कर तिथं. अंगठा पुसट आलाय.