अकिन्यी वेगामुळे गेली नाही

जमलेल्या स्नेह्यांनो,

हॉल भरला आहे, मागे काही जण उभे आहेत. दोघे तर ब्रिस्टलहून पहाटेची ट्रेन धरून ग्लासगोला आले. माझ्या सुनेसाठी आलात. सुनेच्या शोकसभेत सासऱ्याने बोलावे, हा क्रमच चुकीचा आहे. तो मला दुरुस्त करता येत नाही. दुसरी एक चूक मात्र दुरुस्त करता येते, आणि ती आत्ताच केली पाहिजे.

मधुकरराव, तुम्ही इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. माझ्याआधी बोललात, गहिवरून बोललात. राग मानू नका. तुम्ही म्हणालात, "अकिन्यी आफ्रिकेची पहिली ट्रॅक सायकलपटू." नाही. आफ्रिका हा खंड आहे. त्या खंडातल्या इतर मुली तिच्याआधी ट्रॅकवर उतरल्या होत्या, आणि त्यांची नावे ती आदराने घेत असे. ती केनियाची. केनियातर्फे आंतरराष्ट्रीय ट्रॅकवर उतरलेली पहिली स्त्री. एवढे पुरेसे आहे. फुगवण्याची गरज नाही.

पुढे तुम्ही म्हणालात, "वेगाने तिचा घात केला. जरा हळू गेली असती, तर आज आपल्यात असती."

हे वाक्य मी सोडू शकत नाही.

अकिन्यीला मरण ट्रॅकवर आले नाही. ती कामावर निघाली होती. साध्या रस्त्यावरून, ब्रेक असलेल्या साध्या सायकलवरून. चौकातला दिवा लाल होता. ती थांबली. एक पाय जमिनीवर टेकवून उभी होती. मागून येणारी व्हॅन थांबली नाही. पोलिसांनी आम्हाला हेच सांगितले. ती उभी होती, मित्रहो. उभी होती.

आता या वयात मी एवढा हट्ट का धरतो? पहिल्या रांगेत माझी नात बसली आहे, झुरी. सोळा वर्षांची. तिला ट्रॅकवर तिच्या आईनेच शिकवले. येत्या शनिवारी तिची शर्यत आहे. मधुकरराव, तुमचे ते वाक्य ऐकताना तिने होकारार्थी मान हलवली. मी ते पाहिले.

ज्यांनी सायकल शर्यतींचा वेलोड्रोम पाहिला नाही, त्यांनी जत्रेतला मौत का कुआँ आठवावा. लाकडी धावपट्टी असते आणि वळणावर ती भिंतीसारखी वर चढते. सायकलला ब्रेक नसतात. मी प्रथम तिथे गेलो, तेव्हा सुनेला विचारले, "ब्रेक कुठे आहेत?"

"नाहीत, बाबा."

"मग थांबायचे कसे?"

"पाय हळूहळू मंद करत. पेडल आणि चाक बरोबरच फिरतात. तुम्ही एका वाक्याला पूर्णविराम देईपर्यंत माझी सायकल आरामात थांबते."

अशी तिची जीभ. शेजारी माझा मुलगा निरंजन, तिचा नवरा, हसू दाबत उभा होता. मग मात्र ती गंभीर झाली. म्हणाली, "बाबा, त्या भिंतीवर आपल्याला वेगच धरून ठेवतो. माणूस घाबरला की हळू होतो, आणि हळू झाला की चाक घसरते. भीती वाटली, तर पाय जोरात मारायचे." प्रत्येक नवशिक्याला ती हेच सांगे. मी कठडा घट्ट धरून ऐकत असे.

आता तुम्हीच सांगा. "हळू जा" हे डोक्यात घेऊन ही मुलगी त्या भिंतीवर चढली, तर काय होईल?

आज सकाळी चहाच्या वेळी ती मला म्हणाली, "आजोबा, मी स्लो गेले तर आईला बरं वाटेल ना? बाबाचा टेन्शन पण कमी होईल."

"बाबाचं टेन्शन," मी म्हणालो. सवय. तिच्या प्रश्नाचे उत्तर तसेच राहिले. ते आता देतो.

झुरी, ऐक. शनिवारी उतरली नाहीस, तरी चालेल. पुन्हा कधीच उतरली नाहीस, तरी चालेल. पण उतरलीस, तर हळू जाऊ नकोस. अर्ध्या मनाने त्या भिंतीवर चढू नकोस. आईच्या आठवणीने पाय जड होऊ देऊ नकोस. तुझ्या आईला ते मुळीच बरे वाटणार नाही.

निरंजन, मधुकरराव म्हणाले की तू झुरीचे नाव शर्यतीतून मागे घेतलेस. घेतलेस का?

आयोजकांना अजून कळवले नाही, म्हणतो. मग आधी तिला विचार.

काय म्हणालीस, बाळ? मोठ्याने बोल, मागे ऐकू जात नाही.

"जाणार. आणि फास्ट जाणार."

ऐकलेत सर्वांनी? निरंजन, तूही ऐकलेस? मान हलवलीस, ठीक.

मला भीती वाटते, हे लपवत नाही. शनिवारी याहून अधिक वाटेल. पण ती भीती माझी आहे. तिला मी नातीच्या सायकलवर डबलसीट बसवणार नाही.

आता अकिन्यीसाठी आपण स्तब्ध उभे राहणार आहोत. मंडळाच्या पत्रकातले दिवस मात्र चुकले आहेत. ते सांगतो, आणि शेवटचा दिवस सांगून झाला की कोणी काही न बोलता माझ्याबरोबर उभे राहावे.

अकिन्यी या शहरात आली, ती उन्हाळ्यात नव्हे. जानेवारीत, बर्फ पडत असताना.

लग्न दिवाळीत झाले नाही. दिवाळीनंतरच्या रविवारी झाले.

तिची शेवटची आंतरराष्ट्रीय शर्यत झुरीच्या जन्माआधीची नव्हे. झुरी तेव्हा माझ्या मांडीवर होती.

ती गेली मंगळवारी नव्हे. सोमवारी सकाळी.

झुरीची शर्यत रद्द झालेली नाही. शनिवारी आहे.