दोन गेट, एकच दोनशे अठरा

नाही नाही, चहा होईस्तोवर बसा, मशीन कुठं पळून चाललंय — आणि सेक्रेटरी म्हणतात म्हणून गोजराचं कार्ड तेवढं बंद करू नका. तुम्ही मशीन दुरुस्त करणारे, तुम्हाला काय माहीत गोजरा कोण! आमच्या सोसायटीत चार घरची धुणीभांडी करते, त्यातलं एक हे माझं. मंगळवारी बी विंगच्या पाचशे दोनमधून उज्वलाचं चांदीचं निरांजन गेलं, आणि गेटचं मशीन म्हणतं, अडीच वाजता दोनशे अठरा नंबरचं कार्ड दाखवून कुणीतरी बी विंगला गेलं. दोनशे अठरा कोण? गोजरा. झालं, चोर ठरली! आज सातला मीटिंग, उद्यापासून तिला गेट बंद.

अहो, पण दोनशे अठरा दोघी आहेत! हसू नका, सातवी झालेय माझी. गेल्या महिन्यात रस्ता खोदताना वायर तुटली, दोन दिवस नेट नव्हतं. पुढच्या गेटचं मशीन वेगळं, मागच्या गेटचं वेगळं. एरवी एकमेकांना विचारून नंबर देतात, तेव्हा बोलणंच बंद. दोघांकडं शेवटचा नंबर दोनशे सतरा. गोजरानं पुढं नवं कार्ड काढलं — दोनशे अठरा. पोळ्या करणाऱ्या रंगूबाईनं मागं काढलं — तिलाही तोच! नेट आल्यावर दोन्ही याद्या एक झाल्या, आणि त्या नंबरावर एकटी गोजराच उरली. कसं कळलं? दोघींची कार्डं मागून घेतली, ह्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. कळतं बघणाऱ्याला.

मग रंगूबाईनं नेलं? अजिबात नाही! ती पाचशे एकमध्ये पोळ्या करायला गेली, उज्वलाच्या दाराकडं ढुंकूनही बघितलं नाही तिनं — म्हणजे, असं ऐकलं मी. बरं, बघितलं. मीच होते तिथं, जिन्यात. उज्वलाची वाटी परत द्यायला गेलेले, आत सासूसुनेचं जुंपलेलं, मग बेल कशी वाजवायची? थांबले. किती म्हणजे… अर्धा-पाऊण तास. घरी आले तर गोजरानं तीन जुड्या मेथी निवडून ठेवलेली. कमिटीनं विचारलं, ‘तुमच्याकडंच होती का ती?’ — मी म्हटलं, लक्षात नाही. ‘तुम्ही कुठं होता?’ म्हणाले असते, तर वाटीचं कसं सांगू? गोजरा माझ्याकडं बघत होती.

काय म्हणता, सगळे नंबर एकाच मशीननं द्यायचे? आणि परत नेट गेलं की मागच्या गेटच्या बायका उन्हात उभ्या? गणपतीत आम्ही महाप्रसादाची कुपनं दोन टेबलांवर लिहितो — माझ्याकडं एक, तीन, पाच, वैदेहीकडं दोन, चार, सहा. तिला विचारायलाही लागत नाही, आणि एक नंबर दोघांना म्हणून गेला नाही आजवर. तसंच करा. तिसरं गेट झालं तर? तर तीन-तीननं पुढं जायचं, एक, चार, सात — त्यात काय एवढं! आणि ह्या दोघींना नवे नंबर द्या, पण जुनं काही पुसू नका. मागच्या मशीनमध्ये त्या दोन दिवसांच्या नोंदीत रंगूबाईचं नाव असेल अजून, त्याचा कागद काढून द्या मला.

सेक्रेटरी रागावतील? रागावू देत. सातला मी उभी राहणार आणि सगळं सांगणार, वाटीसकट. उज्वला बोलायची बंद होईल, बायका वर्षभर हसतील — हसा म्हणावं! पण गोजरा उद्या पुढच्या गेटातनंच आत येणार.

चहा? चहा राहू दे आता, साडेसहा वाजले. उठा, आधी तो कागद काढा.