जास्तीची गाठ

बदनापूरच्या दवाखान्यात लसीच्या रांगेत उभ्या असलेल्या मीनलला मागून गावच्या आशा कार्यकर्तीचा आवाज आला. मीनलच्या मागं उषाबाई नातवाला घेऊन उभ्या होत्या.

“उषाबाई, तुम्ही? गोवराच्या सुईसाठी तीनदा आल्ते, तीनदा दार लावलं. आज कसं सुचलं?”

“नातवाला कावासाकी झाल्ता, बाई. हृदयाच्या नसा सुजल्त्या. सलाइनमधून भारी औषध देलं, म्हणून वाचला. डॉक्टर म्हणले, त्या औषधावर अकरा महिने ही सुई लागू पडत न्हाई.”

“मंग सांगायचं न्हाई का?”

“दाराआडून सांगितलं की! तुम्ही म्हणल्या, अंधश्रद्धा.”

“बरं, हातात ही दोरी कशाची?”

“दर अमावास्येला एक गाठ मारली.”

“ह्या तर बारा!”

“डॉक्टरचे महिने मोठे, आपले अमावास्येचे लहान. म्हणून एक जास्तीची.”

मीनलनं मनात दिवस मोजले, अकरा अमावास्यांत दहा दिवस कमी पडले असते, आणि तिनं उषाबाईंना आपल्या पुढं घेतलं.