बुडणाऱ्या माश्यांची तक्रार

नाही, थांबा. ‘तुमच्या माश्या बुडतात’ — हे वाक्य पुन्हा एकदा उच्चारा बरं, म्हणजे माझ्या कानांची चूक नाही याची खात्री होईल. — हं. नाही चूक. बसा मग. त्या खुर्चीवर नको, ती — ती राखीव आहे, स्टुलावर बसा. तुम्ही घड्याळजींच्या सूनबाई, नाही का? आणि ही त्यांची माश्यांची डबी तुम्ही त्यांना न सांगता परत करायला आणली आहे, आणि माश्या जर बुडायच्याच असतील तर सासऱ्यांची दर गुरुवारची या दुकानातली फेरी आता बंद, असं घरात ठरलं आहे. बरोबर? उत्तम. दुकान माझ्या भावाचं. गळाच्या काठ्या आणि रबरी बूट तो विकतो — माश्या मात्र मी बांधते, तेव्हा तक्रार ऐकून घेणं माझं कर्तव्य आहे. जुनी मॅट्रिक आहे मी. मुद्द्याला सोडून बोलायची मला सवय नाही.

तर ही पाहा. गळावर पीस आणि दोरा बांधून केलेली खोटी माशी. पाण्यावर तरंगली तर मासा वर येऊन तोंड घालतो, बुडाली तर ढुंकून पाहत नाही — एवढंच तिचं शास्त्र. आता पीस कुठलं? बदकाचं, शेपटीच्या मुळाशी असतं ते. तिथे बदकाला तेलाची ग्रंथी असते, म्हणून हे पीस जन्मतःच तेलकट — हात लावा, लावा, चावत नाही — आणि त्याच्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते. ती हवा माशीला तरंगवते. मी नव्हे, तुमचे सासरे नव्हेत. कोंबड्याच्या पिसाची माशी असेल तर तिला तरंगतं ठेवणारं मलम लावावं, तेही टाचणीच्या टोकावर मावेल एवढं, बोटांवर विरघळवून. बदकाच्या पिसाला? मुळीच नाही! मलम लागलं की तंतू एकमेकांना चिकटतात, हवा जाते, आणि माशी दगडासारखी तळाला. हे मी त्यांना दर गुरुवारी सांगते. ते मान डोलावतात. पुढच्या गुरुवारी पुन्हा बरबटलेली डबी हजर! आणि पुन्हा विचारतात काय, ‘बाई, तेवढं बदकाचं समजावून सांगता का?’ — मी सांगते. काय करणार? शिकवण्याचा कंटाळा मला कधीच नव्हता.

मग काय, मग मी त्या साबणाच्या पाण्यात धुते, फुंकर घालते, कापडावर टिपते आणि खिडकीत वाळत ठेवते. वाळेपर्यंत ते बसतात. — हो, वेळ लागतो. — लवकर वाळवायला काही? आहे ना, कपाटात पाणी शोषणारी पूड आहे. माश्या तिच्यात घालून डबी हलवली की क्षणात कोरड्या होतात. — मग का नाही वापरत? कारण — कारण हवेवर वाळलेलं पीस अधिक चांगलं राहतं. हे माझं मत आहे. असं काय बघता? उशी त्या खुर्चीवर मी ठेवली ती त्यांच्या गुडघ्यासाठी — म्हणजे, पाठीसाठी. कोणत्याही गिऱ्हाइकासाठी ठेवली असती.

मुद्द्यावर येऊ. या बुडाल्या कोणत्या पाण्यात? डोहात की धारेत? — काय? — गुडघा दुखावल्यापासून ते नदीवर गेलेच नाहीत? अहो, मग बुडाल्या कुठे? — न्हाणीघरातल्या बादलीत! — थांबा, हसू नका, मला नीट कळू द्या. दर बुधवारी दार लावून घेतात. आणि मलम? — लोणी? जेवणाच्या टेबलावरचं? मिठाचं की बिनमिठाचं? — मिठाचं! गळ गंजतो त्याने! एवढंही — छे.

अहो, पण हा माणूस घड्याळजी. उभा जन्म सुईच्या टोकाने तेल दिलेला माणूस. एक थेंब जास्त झाला तर काय होतं, हे त्यांना मी शिकवायचं? त्यांचे हात पाहिले आहेत मी — म्हणजे, समोर बसलं की दिसतात. तो माणूस चमचाभर लोणी थापतो, बादलीत बुडवून पाहतो, नीट बुडाली याची खात्री करतो, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर येऊन विचारतो, ‘बाई, तेवढं बदकाचं —’

...

पाणी नको मला. काही होत नाहीये. खिडकी उघडा थोडी.

शुद्ध लबाडी आहे ही. माझ्या कारागिरीचं नाव खराब केलं, तुमच्या घरी, आणि आणखी कुठे कुठे कोण जाणे! आणि मी आपली व्याख्यान देत बसले होते, मूर्खासारखी — नवा चष्मा लावून. — हो, नवा आहे. बरा दिसतो? — तो प्रश्न नव्हता. आणि ऐका, तुमचं ते गुरुवार बंद करण्याचं — घरात ठरलं असेल, पण तुम्ही माझ्या कामावर ठपका ठेवून ठरवलंत, आणि तो ठपका खोटा निघाला. तेव्हा निर्णय रद्द. त्यांना मात्र यातलं अवाक्षर कळता कामा नये. खबरदार!

अरेच्चा, पण डबी तर तुम्ही घेऊन आलात. म्हणजे आज गुरुवार असून त्यांना इथे यायला काही कारणच नाही. त्यांची वेळ तर होऊन गेली. नाही येणार. कशाला येतील? कोणी रिकाम्या हाताने दुकानात येतं का? — तुमचा दोष नाही, सूनबाई, तुम्हाला काय माहीत. घेऊन जा ती डबी, होती तिथे ठेवून द्या. पुढच्या गुरुवारी —

हलू नका. त्या दिव्याच्या खांबाशी कोण आहे? काठी टेकून? — उभे आहेत. खिसे चाचपताहेत. काय सांगावं ते सुचत नाहीये. — परत फिरले! — नाही. नाही, इकडे वळले. रस्ता ओलांडताहेत. हात रिकामे आहेत, पाहा ना, अगदी रिकामे.

उठा. मागच्या दाराने जा. — नंतर हसा हो! जा म्हटलं ना —

या.