गॅरेजमधली मंजिरी

हसू नका यार, माझं डोकं अजून तापलेलंच आहे. सिटिझन झाल्यावर मी गॅरेजमध्ये रीतसर गांजाचं झाड लावलं. कॅलिफोर्नियात ते चालतं. लाइट, पंखा, खत, सगळं पोटच्या पोरासारखं केलं. कळ्या अशा भरल्या होत्या, की दाबल्या तरी दबत नव्हत्या. वीकेंडला कापणार होतो.

गुरुवारी ऑफिसमधून आलो, तर झाडावर नुसती पानं.

नागपूरहून आलेल्या सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मंजिरी खुडली. तुळशीची नाही का खुडत? नाहीतर झाड वाळतं."

"आई, ती तुळस नाहीये." सासूपुढे आवाज चढवता येईना, म्हणून मी नुसता दातओठ खात होतो. "कुठे टाकल्यात कळ्या?"

"टाकीन कशाला? देवाला वाहिल्या."

देवघराकडे धावलो. गणपतीला जास्वंद होतं, बाळकृष्णाला तुळस होती, आणि माझं सगळं पीक महादेवाच्या पिंडीवर पंचामृतात भिजत पडलं होतं.

"सगळ्या महादेवालाच का वाहिल्यात?" मी विचारलं.

सासूबाई समईची वात सारखी करत म्हणाल्या, "बाकीच्यांना गांजा कसा चालेल, जावईबापू?"